जोन्सचा स्टॉर्म चेसर, १४२ साइज: खाचवाल्या शेपटीच्या स्नोबोर्डवर दोन सीझन

आधीच सांगून टाकते, हा स्नोबोर्ड मी अभ्यास वगैरे करून घेतलेला नाही. टोकियोतल्या एका सेकंडहँड दुकानात भिंतीला ओळीने बोर्ड लावून ठेवलेले, सगळे साधारण एकाच वळणाचे, दोन्ही टोकं गोल, आणि त्यात हा एक बुटका, पुढून फताडा, मागे निमुळता आणि शेपटीला मधोमध खाच, पाकोळीची शेपटी असते ना तशी. नवरा म्हणाला, "तुटलाय तो, म्हणून कोपऱ्यात ठेवलाय." तुटलेला नव्हता, त्या शेपटीला स्वॅलोटेलच म्हणतात. ३८ हजार येन दिले, ट्रेनमधून घरी आणला आणि घरी उजेडात बघितलं तर तळाला टाचेच्या बाजूला बोटभर लांब पट्टा वेगळ्याच रंगाचा, म्हणजे आधीच्या मालकाने कुठेतरी दगडावर घासून मग भरून घेतलेला. दुकानदाराने सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. दुकानाचं नाव घेत नाही, अर्धी चूक माझीच. सेकंडहँड बोर्ड घेताना तळ उजेडात तिरका धरून बघायचा आणि कडांवरून नख फिरवायचं, एवढं माझ्यावरून शिका. दोन सीझन झाले, भरलेला पट्टा अजून जागच्या जागी आहे.

माझं माहेर मालवणचं. बर्फ म्हणजे मासळीच्या पेटीत असतो तो, याच्यापलीकडे आमचा काही संबंध नाही. जपानला आल्यावर टोकियोच्या निशी-कासाई भागातल्या समस्त देशी मंडळींसारखा मीही पहिला बर्फ गाला युझावाला बघितला, टोकियोहून शिंकान्सेनने दीड तासाच्या आत, स्टेशनातून बाहेर पडायचीसुद्धा गरज नाही, तिथूनच गंडोला, म्हणजे बंद डब्यांचा रोपवे. पहिल्या दिवशी इतकी आपटले की दुसऱ्या दिवशी ऑफिसात खुर्चीवर बसताना तोंडातून "आई गं" निघालं आणि शेजारच्या जपानी बाईंनी काळजीने चहा आणून दिला. तरी सोडलं नाही. दोन वर्षांनी स्वतःचा बोर्ड घेतला, १४७ सेंटिमीटर लांबीचा ट्विन, म्हणजे पुढचं टोक मागचं टोक सारखंच, दोन्ही बाजूंनी चालवता येतो. मशीनने दाबून सपाट केलेल्या उतारावर त्याच्याबद्दल माझी आजही काही तक्रार नाही.

तक्रार सुरू झाली निसेकोला, जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर. होक्काइदोचा बर्फ म्हणजे प्रकरण वेगळं आहे. सैबेरियाकडून येणारी कोरडी गार हवा जपानच्या समुद्रावरून येताना वाफ उचलते आणि डोंगर आडवा आला की तिथे ओतते, निसेकोत एका हिवाळ्यात पंधरा मीटरच्या आसपास. आपल्याकडे अरबी समुद्राचे ढग सह्याद्रीला अडतात तेच गणित, फक्त पावसाच्या जागी तांदळाचं पीठ. त्या पिठात माझा ट्विन घातला आणि पुढचं टोक खाली गेलं, मी तोंडावर. उठायला हात टेकवला तर हात खांद्यापर्यंत आत. मग कुणीतरी सांगितलं मागे रेल, मागच्या पायावर वजन टाक म्हणजे नाक वर राहील. रेलले. नाक वर राहिलं, पण तीन रननंतर, म्हणजे तीनदा वरून खाली उतरल्यावर, मागची मांडी अशी पेटली की चौथ्या रनला मी मध्येच बसून ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, खाल्ली, बर्फ पडत असताना, कारण उभं राहणं शक्य नव्हतं. दिवसाची लिफ्ट पास केवढ्याची असते ते मला इथे लिहायचंसुद्धा नाही.

तर स्टॉर्म चेसर नेमका याच दुखण्यावर आहे.

मामाची होडी बघितली असेल तुम्ही, म्हणजे माझ्या नाही, कुणाच्याही मामाची. नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर उचललेली असते आणि पाण्याला जेवढी कापते त्यापेक्षा जास्त त्यावर चढते. या बोर्डचं नाक तसंच, रुंद आणि लांबून वर वळत आलेलं. पाय ठेवायच्या जागा मधोमध नाहीत, मागे सरकवलेल्या आहेत, म्हणजे पायापुढे बोर्ड जास्त आणि मागे कमी. शेपटी नाकापेक्षा अरुंद, याला टेपर म्हणतात, आणि तिच्यात ती खाच, त्यामुळे शेपटीखाली बर्फाचा आधार कमी मिळतो आणि ती आपण होऊन खाली बसते. शेपटी बसली की नाक उचललं जातं, मांडीला काही करावं लागत नाही. लांबीत जे कमी केलंय ते रुंदीत भरून काढलंय, म्हणून १४७ वरून १४२ वर आले तरी तरंगायला कमी पडत नाही. अजून एक, तळ पूर्ण सपाट नाही, नाकाकडे आणि शेपटीकडे कडा किंचित वर उचलल्यात, चमच्याच्या पाठीसारख्या, कंपनी त्याला थ्रीडी काँटूर बेस म्हणते. नाव मार्केटिंगचं वाटतं आणि आहेच, पण काम करतं, ते पुढे सांगते.

मामाला व्हिडिओ कॉलवर दाखवला बोर्ड. उलटा सुलटा करून बघितला त्याने, मग म्हणाला, "बुड बरा आसा, पण शेपटेक कोण चावलो गो?"

कोण चावलं ते शोधायला गेले आणि दोन रात्री त्यात गेल्या. मला वाटायचं हे नवं फॅड आहे, इन्स्टावर चार जपानी पोरांनी संथ म्युझिक लावून काढलेलं. उलटं निघालं. हाच आकार जुना आहे, गोल टोकांचा ट्विन नंतर आला.

१९६५, ख्रिसमसचा दिवस, अमेरिकेत मिशिगनमधलं मस्केगन गाव. शर्मन पॉपेन नावाचा इंजिनीयर, घरात पोरी उच्छाद मांडतायत, बायको गरोदर, ती म्हणते यांना बाहेर ने जरा. याने दोन स्की एकमेकींना जोडल्या आणि पोरी त्यावर उभ्या राहून घरामागच्या टेकडीवरून घसरायला लागल्या. लाटेवर उभं राहतात तसं आडवं उभं राहायचं, हीच आयडिया. नाव ठेवलं बायकोने, नॅन्सीने, स्नो आणि सर्फर मिळून स्नर्फर. पुढच्या वर्षी ब्रन्सविक कंपनीने ते बनवायला घेतलं आणि खेळणं म्हणून लाखोंनी खपलं. पाय बांधायची सोय नाही, नाकाला एक दोरी, ती हातात धरायची, बैलाची वेसण धरल्यासारखी.

पण माझ्या बोर्डचा खरा आजोबा मला विचाराल तर दिमित्रिये मिलोविच. पूर्व किनाऱ्यावर सर्फिंग करणारा, कॉर्नेल विद्यापीठात शिकायला असताना कॅन्टीनचे ट्रे घेऊन बर्फावर घसरणारा पोरगा, शिक्षण सोडून युटाला गेला कारण तिथला बर्फ खोल आणि कोरडा. न्यू जर्सीचा एक सर्फबोर्ड शेपर, म्हणजे सर्फबोर्ड घडवणारा, होता, वेन स्टोव्हकेन, त्याच्याबरोबर याने बोर्ड घडवले आणि सत्तरच्या दशकात विंटरस्टिक नावाने विकायला काढले. त्यांचा स्वॅलोटेल बघा फोटोत, दोन लांब शेपट्या, मध्ये खोल खाच, माझ्या बोर्डपेक्षा कितीतरी खोल. पन्नास वर्षं झाली. आणि माझा नवरा म्हणतो तुटलाय.

बाकीचे दोघे जास्त प्रसिद्ध. टॉम सिम्स, याने १९६३ मध्येच न्यू जर्सीत शाळेच्या सुतारकामाच्या वर्गात बर्फावरची फळी केली होती, पुढे कॅलिफोर्नियात जाऊन स्केटबोर्डमध्ये नाव काढलं आणि मग स्नोबोर्डची कंपनी. आणि जेक बर्टन कार्पेंटर, ज्याने लहानपणी स्नर्फर चालवला होता, न्यूयॉर्कची नोकरी सोडून १९७७ मध्ये व्हरमाँटला बर्टन बोर्ड्स काढली. १९७९ ला तो मिशिगनच्या स्नर्फर स्पर्धेत स्वतःचा बोर्ड घेऊन गेला, त्याला पाय बांधायची सोय केलेली, बाकीच्यांनी आक्षेप घेतला, शेवटी त्याच्यासाठी वेगळा ओपन गट काढावा लागला. आपल्याकडे गल्ली क्रिकेटमध्ये जो बॅट आणतो त्याच्यासाठी नियम बदलतात त्यातला प्रकार. पॉपेन आणि बर्टन दोघेही २०१९ मध्येच गेले, काही महिन्यांच्या अंतराने.

मग सर्फचा आकार गेला कुठे? तर लिफ्टने नेला, असं माझं मत. सुरुवातीला स्की रिसॉर्टवाले या लोकांना आत घेतच नव्हते, त्यामुळे चालत वर जायचं आणि न दाबलेल्या खोल बर्फातून खाली यायचं, तिथे सर्फबोर्डसारखाच बोर्ड लागतो. ऐंशीच्या दशकात एकेक रिसॉर्ट उघडत गेलं आणि बोर्ड दाबलेल्या टणक बर्फावर आले, तिथे तरंगण्याला किंमत नाही, कड रुतली पाहिजे, म्हणून लोखंडी कडा, कंबरेला आत घेतलेला साइडकट. त्यानंतर हाफपाइप, म्हणजे अर्ध्या कापलेल्या नळीसारखी बर्फाची घळ, आणि पार्क, म्हणजे उड्यांसाठी बांधलेले उंचवटे, हवेत फिरून उलटं उतरायचं तर दोन्ही टोकं सारखी हवीत. म्हणजे समुद्राकडून आलेली वस्तू हळूहळू स्केटबोर्डकडे गेली. यात कुणाचं चुकलं असं नाही, ज्याला जे चालवायचं तसा बोर्ड. फक्त दुकानं ट्विननी भरली आणि माझ्यासारखीला वाटायला लागलं की बोर्ड म्हणजे एवढाच.

आणि गंमत बघा, १९९८ ला नागानोत स्नोबोर्डिंग पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं, सगळं जग हाफपाइप बघतंय, आणि त्याच वर्षी त्याच देशात निसेकोला तारो तामाइ नावाच्या माणसाने जेंटेमस्टिक नावाची कंपनी काढली, अगदी शांतपणे सर्फसारखे बोर्ड करायला. इथे याला स्नोसर्फ म्हणतात आणि लोक त्याबाबतीत जरा सोवळेच आहेत, उड्या नाहीत, करामती नाहीत, एक लांब वळण घ्यायचं आणि त्या वळणाबद्दल मग संध्याकाळी ओन्सेनमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या कुंडात, बसून बोलायचं. निसेकोला त्यांचं शोरूम आहे, मी जाऊन बोर्डांवरून हात फिरवून आले, लाकडी देवघरात गेल्यासारखं वाटतं. किंमत बघितली आणि हात मागे घेतला.

जोन्स त्यामानाने माणसात आहे. जेरेमी जोन्स हा मोठमोठ्या डोंगरांवरून उतरणारा अमेरिकन रायडर, त्याची ही कंपनी, आणि स्टॉर्म चेसरचा आकार ख्रिस क्रिस्टेन्सनने दिलाय, जो मुळात कॅलिफोर्नियातला सर्फबोर्ड शेपर आहे. म्हणजे मिलोविच आणि स्टोव्हकेनने जे केलं तीच जोडी, डोंगरवाला एक आणि समुद्रवाला एक.

आता चालतो कसा.

पहिल्या सीझनला जानेवारीत निसेको, रात्रभर पडत होता, सकाळी गुडघ्याच्या वर. मी सवयीने मागे रेलले आणि बोर्ड जवळजवळ माझ्याखालून पुढे निघून गेला, कारण रेलायची गरजच नाही. मधोमध उभी राहिले, गुडघे सैल, आणि नाक आपोआप वर. त्या दिवशी नऊ रन केले आणि मांडी गप्प. मला खरं एवढंच लिहायचं होतं या रिव्ह्यूमध्ये, बाकी सगळं भर आहे.

वळताना फरक जास्त जाणवतो. ट्विनवर मी पुढच्या पायाने वळण सुरू करायचे, कड लावायचे, घासत न्यायचे. इथे मागचा पाय वल्ह्यासारखा, जरासा दाबला की शेपटी बसते आणि बोर्ड त्या पायाभोवती फिरतो. टोकियोजवळ चिबात, इचिनोमियाच्या किनाऱ्यावर मी एकदा सर्फिंगचा क्लास केला होता, चार तासांत बरगड्या सोलून निघाल्या आणि लाट म्हणाल तर दीड मिळाली, पण शिकवणारा सारखा ओरडत होता मागचा पाय, मागचा पाय, ते मला चिबात कळलं नाही, निसेकोत कळलं. अर्थात सर्फबोर्डला खाली फिन असतात आणि तिथे पाणीच हलतं, इथे डोंगर एका जागी आहे आणि पकडायला फक्त कड आहे, तेव्हा सगळंच तसं आहे असं म्हणणार नाही. झाडांमधून मात्र हा बुटका बोर्ड म्हणजे रिक्षा, कुठूनही निघतो. आणि तो चमच्याचा तळ, त्याचा फायदा तिथेच कळतो, कड चुकून खोल बर्फात अडकते आणि माणूस कोलांटी खातो ना, ते जवळपास बंदच झालं, कारण कड तळापेक्षा वर आहे, आधी अडकतच नाही.

दाबलेल्या उतारावर मला वाटलं होतं निरुपयोगी असेल. नाही, रुंद असल्यामुळे बोर्ड खूप तिरका घालता येतो, बूट बर्फाला लागत नाही, माझा बूट २४ चा आहे त्यामुळे तर नाहीच. कडा नागमोडी आहेत, पकड देतात. पण एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायला ट्विनपेक्षा क्षणभर जास्त लागतो, रुंदीची किंमत. मार्चमध्ये दुपारी बर्फ वितळून संध्याकाळी परत गोठतो आणि सगळा उतार मोझॅकच्या लादीसारखा होतो, त्यावर हा घेऊन जाऊ नका, एवढ्या कमी लांबीत कड तरी किती असणार, मी सरळ ट्विन काढते. उलटं चालवायचं, म्हणजे शेपटी पुढे करून, तर चालतो पण दोघांनाही अपमान झाल्यासारखं वाटतं. पार्कचं तर विचारूच नका.

बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डला अडकवायचे पट्टे, मी जुन्या बोर्डचेच लावले आणि तिथे एक चूक केली. ट्विनवर मी बदकासारखे उभी राहायचे, पुढचा पाय १५ अंश बाहेर, मागचाही १५ अंश पण उलट्या बाजूला. तेच कोन इथे ठेवले आणि दोन दिवस मागचा गुडघा कुरकुरला. मग मागचा पाय पुढच्या दिशेने ३ अंश आणि पुढचा २१, लाटेवर उभं राहतात तसं, आणि गुडघा गप्प. फुकट बदल आहे, स्क्रूड्रायव्हर लागतो फक्त, आधी हे करून बघा. दुसऱ्या सीझनला त्याच जुन्या बाइंडिंगचा पट्टा आवळायचा रॅचेट गंडोलाच्या रांगेत तुटला, उरलेला दिवस दुकानातून भाड्याने आणलेल्या बाइंडिंगवर काढला, ते इतके मऊ की बोर्ड एकीकडे आणि मी एकीकडे. रुंद बोर्ड वळवायला बाइंडिंग मध्यम कडक तरी हवं, हे त्या दिवशी पटलं.

अजून किरकोळ. गॉगलची लेन्स हलक्या रंगाची घ्या, होक्काइदोत पावडर, म्हणजे तो पिठासारखा बर्फ, पडते तेव्हा ऊन नसतं, काळ्या लेन्समधून पांढऱ्यावर पांढरं काही दिसत नाही. तळाला लावायचं वॅक्स थंड तापमानाचं. ग्लोव्हज नको, मिटन घ्या, बोटं एकमेकांना ऊब देतात. जॅकेटवर पैसे घाला, पँटवर त्याहून जास्त, कारण बसतो आपण त्यावरच.

एक गोष्ट मात्र किरकोळ नाही. असा बोर्ड हातात आला की माणूस रिसॉर्टच्या हद्दीच्या दोरीपलीकडे बघायला लागतो. निसेकोत दोरीखालून जायचं नाही, गेटमधूनच बाहेर जायचं, आणि गेट बंद म्हणजे बंद, हा नियम लिहिलेला आहे आणि तो पाळायचा. झाडाच्या बुंध्याभोवती खोल बर्फात पोकळी असते, त्यात डोकं खाली करून पडलं तर स्वतःहून निघता येत नाही, म्हणून झाडांत एकटीने कधीच नाही, जोडीदार दिसेल इतक्या अंतरावर. गेटबाहेर तर बीकन (बर्फाखाली गाडलेल्याला सिग्नलवरून शोधायचं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाकडे, आणि वापरायचा सराव केलेला. नवऱ्याला मी आमच्या घराजवळच्या पार्कात वाळूत बीकन पुरून शोधायला लावला होता, लोक बघत होते, बघू देत.

भारतातून विचारणारे गुलमर्गबद्दल विचारतात. मी स्वतः एकदाच गेलेय आणि तेव्हा माझ्याकडे हा बोर्ड नव्हता, पण आपल्याकडे याची जागा असेल तर तीच. गंडोलाचा दुसरा टप्पा अफरवत डोंगरावर जवळपास ३,९५० मीटरवर सोडतो, खाली सगळा न दाबलेला उतार. पण तिथला हिमस्खलनाचा धोका खरा आहे, स्थानिक गाइड आणि वरचं सगळं सामान हे धरूनच बजेट करा. फक्त सोलंगला किंवा औलीला शिकायला जाणार असाल तर हा बोर्ड नको, मिळेल तो साधा भाड्याचा घ्या.

पहिला बोर्ड म्हणून कुणालाच नको खरं तर. उलटसुलट चालवून, पडून, कड म्हणजे काय ते पायाला कळायला ट्विनच बरा. पण तीन-चार सीझन झालेत, वर्षातून एकदा तरी खोल बर्फात जाता, आणि वय असं झालंय की मांडी दुसऱ्या दिवशी नाही, त्याच दिवशी बोलते, तर घ्या. साइज घेताना उंची विसरा, वजन बघा, आणि सवयीपेक्षा पाच ते दहा सेंटिमीटर कमी. मी ५६ किलो, मला १४२ पुरतो, नवरा ८१ किलोचा, तो माझ्या बोर्डवर एकदा चढला आणि नाकापर्यंत बुडाला.

त्यालाही आता तोच हवाय, १५७ चा. सेकंडहँडमध्ये शोधतोय. तळ मी बघून देणार आहे.